‘बायकोला आवडेल असा स्पीकर’ शोधण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात टू बीएचके, हॉल १० बाय १६, किचन हॉलला उघडं. घरात तुम्ही, बायको आणि तुमची आई. बजेट १ लाख २० हजार. तुम्हाला फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचाय, आणि वहिनी म्हणतात, ‘हॉलमध्ये हे दोन खांब कशाला? मला माझं ब्लूटूथ पुरतं.’ यावर तुम्ही शेवटी विचारलंय की बायकांना चांगल्या आवाजाची आवड नसतेच का, आणि असली तर नक्की काय आवडतं, म्हणजे तसंच घेऊन टाकतो.

दादा, आधी मी कोण ते सांगते. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथेच सोल्डरिंग शिकले, आणि गेली तेवीस वर्षं लोकांच्या घरी सिस्टिम बसवते, बिघडलेल्या दुरुस्त करते. अजूनही बेल वाजवली की दार उघडणारा माणूस माझ्या मागे जिन्यात डोकावतो, मेकॅनिक कुठे राहिला म्हणून. असो. फायदा एवढाच की आवाजावरून घराघरांत काय चालतं ते मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं. हॉलमध्ये साहेब सांगतात, आणि हात धुवायला आत गेले की वहिनी सांगतात. दोघांच्या सांगण्यात सिस्टिम एकच असते यावर कधीकधी विश्वास बसत नाही.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. ‘बायकांना काय आवडतं’ याचं उत्तर शोरूममध्ये लगेच मिळेल: लहान, पांढरा, गोल कडांचा, फुलदाणीशेजारी शोभेल असा. अमेरिकेतल्या हाय-फायवाल्यांनी तर ऐंशीच्या दशकापासून याला नावही देऊन ठेवलंय, ‘वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर’. म्हणजे नवऱ्याने आवाज बघायचा आणि बायकोने रंग. माझ्या अनुभवात भांडण रंगावरून फार क्वचित होतं. एवढे पैसे घालून जो आवाज घरात येणार तो कुणाला, कुठे बसून आणि किती वाजता ऐकायला मिळणार, यावरून होतं. वहिनींना हे असं शब्दांत सांगता येत नसेल, किंवा सांगायचा कंटाळा आला असेल, म्हणून त्या ‘खांब’ म्हणतात.

बऱ्याच गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. वहिनी दिवसभर घरी असतात की बाहेर, बसून ऐकतात की हातात काम असताना, आईंना कितपत ऐकू येतं, शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाची झोपायची खोली आहे. त्यामुळे खालचं सगळं तुमच्या घराला जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

थोडं मागे जाते, कारण ते ब्लूटूथचं डबडं कुठून आलं हे समजून घ्यायला हवं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर ५६ गाणी झाली, तेव्हा आमच्या आजीच्या वाड्यात एकच रेडिओ होता. तो माजघराच्या फळीवर. सगळ्यांनी एकत्र ऐकायचं, आणि त्या गर्दीत बायकाच जास्त. मग ट्रान्झिस्टर आला आणि तो सरळ ओट्यावर गेला. दुपारचं वनिता मंडळ, रात्री आपली आवड, सकाळी विविधभारती. आवाज लहान, पण बटण आजीच्या हातात. त्यानंतर घरात ‘स्टिरिओ’ आला, तो काचेच्या शोकेसमध्ये, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही हा नियमही त्याच्याबरोबरच आला. मुलांनी नाही, पाहुण्यांनी नाही, आणि कुणी बोलून दाखवलं नाही तरी बायकोनेही नाही. चांगला आवाज हॉलमध्ये गेला, ऐकणारी ओट्यापाशीच राहिली. वहिनींचं ब्लूटूथ ही त्या ट्रान्झिस्टरची नात आहे. तिला नावं ठेवण्याआधी ती कुठलं काम करते ते बघा: सोबत येते, ओल्या हाताने सुरू होते आणि तिच्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

आता कानांबद्दल. बायकांचे कान वेगळे असतात का? थोडे असतात. वय वाढेल तसा उंच पट्टीतला आवाज ऐकू येणं कमी होत जातं आणि हे पुरुषांत सरासरीने लवकर आणि जास्त होतं. पन्नाशीच्या नवऱ्याला जो आवाज ‘क्लिअर’ वाटतो, त्यातले स, श, च त्याच वयाच्या बायकोला सुईसारखे टोचत असतील, कारण तिला ते पूर्ण ऐकू येतायत आणि त्याला अर्धे. ट्रेबल, म्हणजे ही उंच पट्टी, वाढवत जाणारा आणि ‘कमी कर’ म्हणणारी, हे जोडपं मी इतक्या घरांत बघितलंय की आता दारातून आत शिरतानाच ॲम्पवरचा ट्रेबलचा खुंटा कुठे आहे ते बघते. घड्याळातल्या दोनच्या पुढे असला की निम्मं निदान झालं.

पण यावरून बायकांची आवड निराळी असं ठरवू नका. स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत संशोधक सीन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून, कुठला कुठला ते न सांगता लोकांना ऐकवण्याच्या चाचण्या वर्षानुवर्षं केल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६८ लोक होते, काही कान तयार असलेले, काही साधे. क्रम सगळ्यांचा जवळपास सारखाच लागला. सगळ्या पट्ट्या एकसारख्या वाजवणारा, कुठे उसळी न मारणारा स्पीकर बहुतेकांना आवडला. नंतर हेडफोनवर केलेल्या कामात थोडा फरक दिसला: कमी बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कमी, पसंत करणाऱ्या गटात बायका आणि पन्नाशीपुढची मंडळी तुलनेने जास्त होती. एवढंच. यात ‘पांढरा रंग’ कुठेही नाही.

आता एका घरातली गोष्ट सांगते, कारण तुमचंही घर बहुधा असंच आहे.

कोथरूडमधलं जोडपं, दोघंही चाळिशीच्या पुढे. साहेबांनी चार वर्षांपूर्वी चांगले उंच स्पीकर घेतलेले, मग ॲम्प बदलला, मग अठरा हजारांच्या केबल. मला बोलावलं ते ‘अजून थोडी क्लॅरिटी हवी’ म्हणून. वहिनी दारातच म्हणाल्या, ‘तुम्ही ते बंद कसं करायचं तेवढं मला शिकवून जा.’ हॉल बघितला. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला भिंतभर काचेची स्लायडिंग, समोरची भिंत कोरी, टीपॉयवरही काच. मी हॉलच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीमागे झिंग्‌ग्‌ करत शेपूट आलं, रिकाम्या टाकीत वाजवल्यासारखं. साहेबांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली.

मी वहिनींना म्हटलं, तुम्ही जरा साहेबांच्या खुर्चीत बसा. त्या बसल्या आणि म्हणाल्या, ‘इथून तर वेगळंच ऐकू येतं की!’ चार वर्षांत त्या त्या खुर्चीत बसल्याच नव्हत्या. मग मी साहेबांना ओट्यापाशी उभं केलं आणि तेच गाणं, आवाजाला हात न लावता, पुन्हा लावलं. तिथे शब्द येत नव्हते. बेसचा घुमारा आणि वर स, श, च एवढंच कॉरिडॉरमधून वळून येत होतं. एक मिनिटभर ऐकून साहेब म्हणाले, ‘हे असं वाजतं इथे?’ वहिनी काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

नंतरचं काम फार नव्हतं. स्पीकर मागच्या भिंतीला चिकटवलेले होते, ते दीड फूट पुढे घेतले. भिंतीजवळ, त्यातही कोपऱ्यात ठेवला की स्पीकरचा बेस फुगतो आणि मग गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. स्पीकर आणि ऐकणारे यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी घातली. काचेवर पातळ पडदा होता तो बदलून जाड, चुण्या असलेला लावायला सांगितलं. कोऱ्या भिंतीवर त्या दिवसापुरती कपाटातली गोधडी टांगली. पुढे त्यांनी तिथे पुस्तकांचं उघडं शेल्फ केलं, तेही तेच काम करतं. पुन्हा टाळी वाजवली, शेपूट गेलेलं. ट्रेबल मधोमध आणला. साहेब आधी म्हणाले, ‘आवाज मेल्यासारखा झाला.’ दोन दिवसांनी फोन केला की आता तबल्याचं बोट कुठे पडतं ते कळतंय. केबल अठरा हजारांच्या, सतरंजी अडीच हजारांची. यावर मी त्यांना काही बोलले नाही, पण तुम्हाला सांगते.

म्हणजे ‘आवाज कमी कर’ हे वाक्य घरात आलं की त्याचा अर्थ संगीत नको असा घेऊ नका. बऱ्याचदा ती खोलीबद्दलची तक्रार असते आणि ती बरोबर असते.

बेसचं मी जरा सविस्तर सांगते, कारण दुकानात तुम्हाला सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा वेगळा डबा, गळ्यात मारायचा प्रयत्न नक्की होईल. तुमच्या घरात काय ऐकतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण नाट्यसंगीत, अभंग, ख्याल, जुनी सिनेगीतं, भावगीतं असं काही असेल तर हिशोब सोपा आहे. बऱ्याच गायिका पेटीवरच्या काळी चार ते काळी पाचमध्ये गातात. त्यांचा मध्य सा साधारण २०८ ते २३३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं; आकडा लहान तितका आवाज खालचा. त्यांच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, शंभराच्या थोडा वर. पुरुष काळी एकमध्ये गाणारा असेल तर त्याचा सा १३९ च्या आसपास आणि तानपुऱ्याचा खर्ज सत्तरच्या जवळ. डग्ग्याची घुमार याहून थोडी खाली जाते. चांगला बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावेल असा लहान स्पीकर, साडेसहा इंची वूफरचा (बेस वाजवणारा भाग), स्टँडवर ठेवलेला, पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत व्यवस्थित उतरतो. म्हणजे किशोरीताई, हिराबाई, माणिक वर्मा ऐकायला खांबही नको आणि सबवूफरही नको. सिनेमातले स्फोट हवे असतील तर गोष्ट वेगळी, पण मग शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीचा विचार करा. बेस भिंतीतून जातो, शब्द जात नाहीत. पलीकडच्या बाळाच्या आईला तुमच्या सिनेमातलं फक्त धाड-धाड ऐकू येतं.

वॉटच्या आकड्यालाही भुलू नका. साधा ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणारा स्पीकर घेतला तर तुमच्या हॉलमध्ये नेहमीच्या ऐकण्याला एक वॉटही लागत नाही. बाकीचे वॉट एखाद्या झटक्यासाठी राखीव. चाळीस-पन्नास वॉटचा प्रामाणिक ॲम्प पुष्कळ झाला.

यात एक गोष्ट मात्र मी हट्टाने बघते, आणि ती बायकांशी थेट जोडलेली आहे. घरात बायकांचं ऐकणं बहुतेक वेळा हळू आवाजात होतं. दुपारी सासूबाई झोपल्यात, मुलाचा अभ्यास चाललाय, रात्री सगळं आवरल्यावर अकरा वाजता कुठे अर्धा तास मिळतो. हळू आवाजात आपल्या कानाला खालचा आणि अगदी वरचा आवाज कमी ऐकू येतो. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं. म्हणून मोठ्या आवाजात भरदार वाटणारी सिस्टिम रात्री हळू लावली की पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. जुन्या ॲम्पवर यासाठी ‘लाउडनेस’ असं बटण असायचं. हाय-फायवाले शुद्धतेच्या नावाखाली त्याला नाक मुरडतात. मी म्हणते, ते बटण असलेलाच ॲम्प घ्या, किंवा ॲपमधून ती सोय देणारा घ्या. दुकानात ऐकताना विक्रेता आवाज चढवूनच ऐकवेल, कारण चढा आवाज नेहमी बरा वाटतो. तुम्ही तो शेजारी कुजबुजलेलं ऐकू येईल इतका खाली आणायला लावा आणि त्यात गाणं टिकतंय का ते बघा. माझ्या मते तुमच्या घरासाठी हीच सगळ्यांत मोठी परीक्षा.

ओट्याचा प्रश्न राहिला. चिमणी चालू, फोडणी, मिक्सर, कुकर. हॉलमधून तिथपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून लोक व्हॉल्यूम वाढवतात आणि हॉलमधला माणूस उठून जातो. अंतर निम्मं केलं की उघड्यावर आवाज ६ डेसिबलने वाढतो. ओटा स्पीकरपासून ६ मीटरवर असेल आणि त्याऐवजी पाऊण मीटरवर एक लहान स्पीकर ठेवला तर तीन वेळा निम्मं झालं, म्हणजे १८ डेसिबलचा फायदा. घरात भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडा कमी मिळेल, पण कुठलाही ॲम्प बदलून एवढा फरक पडणार नाही. तेव्हा बजेटमधले सात-आठ हजार ओट्यापाशी एका बऱ्या, पाणी उडालं तरी चालेल अशा स्पीकरसाठी काढून ठेवा. सध्याच्या डबड्यापेक्षा चांगला, आणि शक्य असेल तर हॉलच्याच सिस्टिमला वायफायवर जोडता येणारा, म्हणजे हॉलमध्ये लागलेलं गाणं तिथेही चालू राहतं. फक्त गॅसच्या वर आणि चिमणीच्या रेषेत ठेवू नका. वर्षभरात जाळीवर तेलाचा चिकट थर बसतो, त्यात पीठ, आणि मग तो माझ्याकडे येतो. हळदीचे डाग पडलेले स्पीकर मी इतके उघडलेत की कुठल्या घरात फोडणी कुठल्या बाजूला होते ते सांगू शकते.

आता बटणाचं. एका घरी टीव्हीवरचं गाणं स्पीकरवर आणायला तीन रिमोट आणि सहा दाबण्या लागायच्या. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, ॲम्प, मग इनपुट, मग मोड. साहेब परगावी गेले की आठ दिवस सिस्टिम बंद. वहिनी इंजिनिअर होत्या, कारखान्यात अख्खी लाइन सांभाळणाऱ्या. त्यांना येत नव्हतं असं कोण म्हणेल? त्या मला म्हणाल्या, ‘दोन गाणी ऐकायला सहा बटणं? माझा चहा दोन बटणांत होतो.’ तेव्हा ॲम्प घेताना एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एकाच केबलने ॲम्पकडे आणणारी जोडणी) असलेला घ्या, टीव्ही लावला की तो आपोआप सुरू होतो आणि टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमीजास्त होतो. ब्लूटूथ किंवा वायफाय त्याच्या आतच हवं. आणि त्यात वहिनींचा फोन आधी जोडा, तुमचा नंतर. हे मी गमतीने म्हणत नाहीये. बहुतेक घरांत ॲप एकाच्याच फोनवर असतं, खातंही त्याचंच, त्यामुळे पुढची गाणीसुद्धा त्याच्याच आवडीची सुचत राहतात. मग दुसरी व्यक्ती तिच्या कानात इअरफोन घालते आणि आपण म्हणतो तिला सिस्टिममध्ये रस नाही.

दिसण्याबद्दल थोडंच सांगते. वायर केसिंग पट्टीतून न्या, भिंतीच्या रंगाची. धूळ कोण पुसणार हे आधी ठरवा. ज्या घरात तेच माणूस पुसतं ज्याने घेतलं, तिथे स्पीकरवरून वाद नसतो. जाळी काढून ठेवायची हौस करू नका. लहान मुलं आली की ट्वीटरच्या, म्हणजे उंच आवाज वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, घुमटावर बोट दाबल्याशिवाय राहत नाहीत, आणि तो आत गेला की बाहेर काढताना माझा जीव वरखाली होतो. खांबांना वहिनींची हरकत आहे ना? तुमच्या हॉलला ते नकोतच, हे मी वर बेसच्या हिशोबात सांगितलंय. यात त्यांचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकच आहे, फक्त त्यांनी ते आधी सांगितलं.

आईंसाठी वेगळं काही घेताय का? २०१७ साली सारेगामाने कारवां आणला, ५,००० गाणी आत भरलेला. आवाजाच्या शौकिनांनी त्याची थट्टा केली, आणि तो घरोघरी गेला. कारण साधं आहे, खुंटा फिरवायचा आणि गाणं लागतं. जोडणी नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. आईंना ऐकू कमी येत असेल तर आवाज चढवण्यापेक्षा स्पीकर जवळ आणा आणि बेस कमी करा, शब्द सुटे होतात.

राहिला प्रश्न की बायकांना आवाजातलं कळतं का. सहकारनगरमधल्या एका काकूंचा कॅसेट डेक माझ्याकडे आला होता. पट्टा तुटलेला. मी नवा घातला, वाजवून बघितला, छान वाजला, पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन: ‘अगं, हिचा स्वर चढलाय. ही काळी चारची, तू हिला पांढरी सहामध्ये गायला लावतेस.’ मी म्हटलं, काकू, कॅसेट जुनी आहे. त्या म्हणाल्या, ‘कॅसेट जुनी आहे, बाई तीच आहे.’ डेक परत आणला. चाचणीची टेप लावून वेग मोजला तर जवळपास सहा टक्के जास्त. सहा टक्के म्हणजे बरोबर अर्धा स्वर. पट्टा बदलल्यावर मोटरचा वेग मिळवायचा असतो, तो मी कंटाळा करून बघितला नव्हता. काकूंनी भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवलेली. त्यांच्या घरात ‘ऑडिओचं सगळं कळणारे’ म्हणून काकांची ख्याती होती आणि काकांनी आदल्या संध्याकाळी तीच कॅसेट मन लावून ऐकली होती.

तर तुमच्या पैशांचं मी असं करेन: बुकशेल्फची चांगली जोडी चाळीस-पंचेचाळीस हजारांत, एआरसी असलेला ॲम्प तीस-पस्तीसमध्ये, जड स्टँड सात-आठ, सतरंजी आणि पडदे मिळून दहा, ओट्याचा स्पीकर सात-आठ. उरतील ते लगेच खर्चू नका. दोन महिन्यांनी काय कमी पडतंय ते कळेल, आणि बहुधा ते तुम्हाला आज वाटतंय ते नसेल. स्टँडची उंची अशी घ्या की ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत येईल, आणि ‘बसलेलं माणूस’ मोजताना वहिनींचीही उंची धरा.

ऐकायला जाताना रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत काही ऐकू येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. वहिनींनी त्यांची चार गाणी घेऊन यायची, तुम्ही तुमची. आधी त्यांची लावायची. त्या ऐकत असताना तुम्ही ‘बेस बघ, बेस बघ’ करायचं नाही. विक्रेता सगळं तुमच्याकडे बघून बोलेल, माझ्याशीही तसंच बोलतात. तेव्हा तुम्ही सरळ मोबाइल काढून बाहेर उभे राहा. आणि दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर किंचित मोठा वाजणारा जिंकतो.

ॲम्प घ्यायच्या आधी मला एवढं कळवा: भिंतभर काच कुठल्या बाजूला आहे, ओटा हॉलच्या टीव्हीपासून किती फुटांवर आहे, आणि हॉलच्या मध्यावर टाळी वाजवली तर शेपूट येतं का. शिवाय वहिनी दिवसभरात काय काय आणि कधी ऐकतात तेही लिहा. पण अंदाजाने नको, त्यांना विचारून.